इलयाराजांचे संगीत आणि आपण

2022 च्या एप्रिलमध्ये, ऐन भीमजयंतीच्या दिवसांत, एका इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेवरून देशभर वादळ उठले. पुस्तकाचे नाव 'आंबेडकर अँड मोदी'. प्रस्तावना लिहिणारे होते दक्षिणेतील ज्येष्ठ चित्रपट संगीतकार इलयाराजा. बाबासाहेबांची आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची त्यांनी तुलना केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलैमध्ये, राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून त्यांची वर्णी लागली. आंबेडकरी जनतेला संताप आला आणि तो रास्त होता. त्या प्रस्तावनेचा समाचार मी पुढे घेणारच आहे. परंतु त्या संतापाच्या भरात आपल्याकडे एक विचित्र गोष्ट घडली. ज्यांनी या माणसाचे एक गाणेही लक्ष देऊन ऐकले नव्हते, त्यांनीही त्याचे सारे संगीत एका फटक्यात मोडीत काढले. 'तो आपला राहिला नाही' एवढे म्हटले की विषय संपला!

विषय असा संपत नाही. एक हजाराहून अधिक चित्रपट आणि सात हजारांहून अधिक गाणी ज्याच्या नावावर आहेत, तामिळनाडूतील एका अस्पृश्य कुटुंबात जन्मून ज्याने भारतीय चित्रपट संगीताचे व्याकरण बदलले, त्या माणसाने नेमके काय केले हे आंबेडकरी माणसाने समजून घ्यायचे नाही, तर कोणी घ्यायचे?

महाराष्ट्रात हे नाव फारसे घेतले जात नाही. तरी आपण सर्वांनी त्यांना ऐकलेले आहे. आयडिया मोबाईलच्या जाहिरातीत वर्षानुवर्षे वाजलेली ती छोटी धून आठवते? ती 1983 साली आलेल्या 'पल्लवी अनुपल्लवी' या कन्नड चित्रपटासाठी इलयाराजांनी बांधलेली आहे. 'सदमा' मधले सुरेश वाडकरांचे गाणे आपल्या पिढीने कॅसेट झिजेपर्यंत ऐकले. ते गुलजार यांचे म्हणून लक्षात राहिले, वाडकरांचे म्हणून राहिले. संगीतकाराचे नाव विचारले तर दहातले नऊ जण आर. डी. बर्मन सांगतील. पुढे 'चीनी कम' (2007) आणि 'पा' (2009) आले, तेव्हा कुठे हिंदी वर्तमानपत्रांनी या माणसाची दखल घेतली.

इलयाराजांचा जन्म 1943 चा, आजच्या थेनी जिल्ह्यातील पण्णैपुरम या गावी, परैयर जातीच्या ख्रिस्ती कुटुंबात. इंग्रजीतला 'पराया' हा तुच्छतादर्शक शब्द ज्या जातीच्या नावावरून जगभर गेला, तीच ही जात. आणि त्या जातीचे नाव आले 'परै' या चामड्याच्या वाद्यावरून. म्हणजे वाद्य, जात आणि शिवी या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात! वर्णव्यवस्थेची याहून मोठी कारागिरी दुसरी दाखवता येणार नाही. त्यांचे थोरले सावत्र भाऊ पावलर वरदराजन हे कम्युनिस्ट पक्षाचे शाहीर. 1958 च्या केरळमधील देवीकुलम पोटनिवडणुकीत त्यांच्या गाण्यांनी पक्षाच्या सभा गाजवल्या. आपल्याकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचे लाल बावटा कलापथक जे काम करत होते, तेच हे काम. लहानगा इलयाराजा या फिरत्या पथकात पेटी धरून गावोगाव हिंडला. कापणीची गाणी, अंगाई, मर्तिकाची गाणी, प्रचाराची गाणी हे सगळे त्याच्या कानात शाळेच्या आधी गेले. त्याची पहिली संगीत शाळा ही अशी रस्त्यावरची.

दुसरी शाळा मद्रासची. 1968 साली तिथे आल्यावर धनराज मास्तरांकडे त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेतले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा दिली. जी. के. वेंकटेश या संगीतकाराकडे साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. इथे ते जी गोष्ट शिकले, ती पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली. ते स्वरलेखन शिकले. पाच ओळींच्या कागदावर प्रत्येक वाद्याने काय वाजवायचे हे हाताने लिहिणे. आजही ते पेटीवर चाचपडत बसत नाहीत; कागद समोर घेतात आणि चाळीस-पन्नास वाजवणाऱ्यांसाठीचे संगीत सरळ लिहून काढतात. संपूर्ण चित्रपटाचे पार्श्वसंगीत तीन-चार दिवसांत लिहून होते. ज्या समाजाला हजारो वर्षे वाजवायला लावले आणि लिहू दिले नाही, त्या समाजातला हा माणूस लिहितो. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्यात कायद्याचाही भाग आहे.

पहिला चित्रपट 'अन्नकिळी', साल 1976. त्या काळात तामिळनाडूतही हिंदी गाण्यांचे वेड होते. 'आराधना' आणि 'बॉबी'ची गाणी तिकडच्या चहाच्या टपऱ्यांवर वाजत. 'अन्नकिळी'ने हे चित्र पालटले. एस. जानकी यांच्या आवाजात खेड्यातल्या बाईची गाणी तिच्याच बोलीत आणि तिच्याच ठेक्यात पडद्यावर आली. आता लोकगीते चित्रपटात पूर्वीही येत. पण ती कशी येत? विनोदी पात्राला, गड्याला, मोलकरणीला एखादे गाणे द्यायचे, प्रेक्षकांनी हसायचे. नायक-नायिकेचे प्रेम मात्र रागदारीत! मराठी चित्रपटाने तमाशाचे जे केले तेच. इलयाराजांनी लोकसंगीत चित्रपटाच्या मध्यभागी आणून बसवले. पुढच्याच वर्षी भारतीराजांचा '16 वयतिनिले' आला, चित्रीकरण स्टुडिओ सोडून खऱ्या गावात गेले आणि तामिळ चित्रपटाची भाषाच बदलली.

त्याच 1977 साली 'कविक्कुयिल' या चित्रपटात कर्नाटक संगीतातील दिग्गज बालमुरलीकृष्ण या नव्या संगीतकाराकडे रीतिगौळ रागातले गाणे गाऊन गेले. ज्यांना वाटत होते की हा खेड्यातला पोरगा ढोल बडवण्यापुरताच आहे, त्यांची तोंडे त्या गाण्याने बंद झाली.

कर्नाटक संगीताचा विषय निघालाच आहे तर 'सिंधु भैरवी'वर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. के. बालचंदर यांचा हा 1985 चा चित्रपट. यातला नायक मोठा कर्नाटक गायक आहे, जाणकारांत मान असलेला. भर मैफिलीत एक तरुणी उठून त्याला विचारते की तुम्ही ज्या तेलुगू कृती गाता त्या समोर बसलेल्या साध्या माणसाला कळत नाहीत, त्याच्या भाषेत का गात नाही? गायक चिडतो. मग ती स्वतःच गाते. गाणे चित्रा यांच्या आवाजातले आहे आणि ते लोकगीताच्या चालीचे आहे: गाण्यातली बाई म्हणते की मला शास्त्र येत नाही, मला माझ्या कामाचे, माझ्या शेतातले गाणे येते. आणि हे गाणे पुढे सरकत सरकत थेट त्यागराजांच्या एका कृतीत जाऊन मिळते. कुठे सांधा लागला हे कळतही नाही.

इलयाराजांनी हे कसे साधले? ती त्यागराज कृती परंपरेने कांभोजी रागात गायली जाते. त्यांनी तिचा राग बदलला. सारमती रागात ती बांधली, कारण त्यांचे लोकगीत ज्या स्वरांत चालले होते ते त्या रागाला जाऊन भिडत होते. सनातनी मंडळींनी नाके मुरडली. त्यागराजांच्या कृतीला हात लावायचा म्हणजे काय! पण विचार करा, या एका गाण्यात काय सिद्ध झाले? शेतातले गाणे आणि सभागृहातले गाणे यांच्यात जी भिंत आहे ती स्वरांची नाही. स्वर तर दोन्हीकडे तेच आहेत. भिंत माणसांनी घातलेली आहे, आणि ती कोणत्या माणसांनी घातली हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल जे तर्काने मांडले, त्याचा एक लहानसा पुरावा इथे सहा-सात मिनिटांत कानाला मिळतो. संगीतकाराच्या मनात तसा हेतू होता की नव्हता हा प्रश्न गौण आहे. साक्षीदाराचा हेतू काहीही असो, पुरावा हा पुरावा असतो.

या चित्रपटासाठी इलयाराजांना आणि त्याच गाण्यासाठी चित्रांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यात येसुदास यांचे आणखी एक गाणे आहे, कल्याणी रागातले, ज्यात स्वर फक्त आरोहाने जातात. चढायचे, उतरायचे नाही. जाणकारांना त्यातली करामत कळते. मला त्यातला हट्ट आवडतो.

पाश्चात्त्य संगीताकडे वळू. 1986 साली 'हाऊ टू नेम इट' नावाचा त्यांचा वाद्यसंगीताचा संच आला. चित्रपटाशी संबंध नाही. तो त्यांनी त्यागराज आणि जर्मन संगीतकार बाख या दोघांना अर्पण केला आहे. व्ही. एस. नरसिंहन यांचे व्हायोलिन त्यात कधी मायलापूरमध्ये असते, कधी लाइपझिगमध्ये. दोन वर्षांनी हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीला घेऊन 'नथिंग बट विंड' आला. बाबासाहेबांनीही उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. 'हे विलायती, हे आपले नाही' असला सोवळेपणा त्यांच्यापाशी नव्हता. इलयाराजांपाशीही नाही. 'पुन्नगै मन्नन' (1986) मध्ये त्यांनी सिंथेसायझरचा सढळ वापर केला, आणि त्या काळात त्यांच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणारा दिलीप नावाचा तरुण पुढे ए. आर. रहमान झाला.

एकाच गाण्यात हे सगळे ऐकायचे असेल तर मणिरत्नम यांच्या 'दळपती' (1991) मधले रजनीकांत यांच्यावर चित्रित झालेले नाचाचे गाणे ऐका. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने 2002 मध्ये जगभरातील श्रोत्यांचा कौल घेतला, त्यात ते पहिल्या दहांत चौथे आले. सुरुवातीला गावच्या जत्रेतला ठेका, मध्ये लंडन-व्हिएन्नाच्या धर्तीचा व्हायोलिनचा ताफा, आणि शेवटाकडे तामिळ शैव भक्तीचे प्राचीन पद. तीन वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसे एका पंगतीला बसवावीत तसे. सहभोजन म्हणा हवे तर!

चित्रपटातील गाणी लोकांच्या तोंडी राहतात, पण माझ्या मते या माणसाचे खरे सामर्थ्य पार्श्वसंगीतात आहे. मणिरत्नम यांचा 'नायकन' (1987) घ्या. हा त्यांचा चारशेवा चित्रपट. म्हणजे अकरा वर्षांत चारशे! कथा मुंबईची, धारावीची. तिरुनेलवेलीकडून पोट भरायला आलेली तामिळ माणसे, त्यात मोठ्या संख्येने आपलेच आदिद्राविड बांधव, धारावीच्या चामड्याच्या कारखान्यांत राबली. झोपडपट्टी पाडायला आलेली यंत्रे, पोलिसांची दांडगाई, मुलाच्या प्रेताशेजारी बसलेला बाप या ठिकाणी दुसऱ्या कोणीही ढोल-ताशे लावले असते. इलयाराजा एक साधी अंगाईसारखी चाल घेतात आणि चित्रपटभर तीच परत परत आणतात, दर वेळी थोडी बदलून. काही ठिकाणी तर संगीतच थांबवतात. शांतता कुठे ठेवायची हे ज्याला कळते तो खरा संगीतकार. आपल्या सभा-संमेलनांतील ध्वनिक्षेपकवाल्यांनी हे जरूर शिकावे.

'हे राम' (2000) ची गोष्ट चित्रपटसृष्टीत प्रसिद्ध आहे. आधीच्या संगीतकाराची गाणी चित्रित होऊन गेली होती. मग इलयाराजा आले. चित्रित झालेल्या ओठांच्या हालचाली तशाच ठेवून त्यांवर बसतील अशा नव्या चाली त्यांनी बांधल्या आणि पुन्हा चित्रण करण्याचा खर्च वाचला.

आता परै या वाद्याकडे येऊ. ते मर्तिकाला वाजवायचे, गावाला दवंडी द्यायला वाजवायचे, आणि वाजवणाऱ्याने वेशीबाहेर राहायचे. तामिळनाडूतील दलित चळवळीत यावर दोन मते झाली. एक मत म्हणाले, हे वाद्य म्हणजे गुलामीची खूण, फेकून द्या. दुसरे म्हणाले, मर्तिकाला वाजवायला नकार द्या, पण वाद्य आपले आहे, ते ताठ मानेने वाजवा. आपल्याकडेही हेच झाले. बाबासाहेबांच्या हाकेनंतर गावकीची कामे सुटली, तशी पुष्कळ ठिकाणी हलगीही खाली ठेवली गेली. आणि त्याच काळात भीमराव कर्डकांच्या जलशाने ढोलकी उचलून तिला समतेचे काम दिले. दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

इलयाराजांच्या एक हजाराव्या चित्रपटाचे नाव आहे 'तारै तप्पट्टै'. बाला यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2016 च्या जानेवारीत आला. तारै म्हणजे तुतारीसारखे वाद्य, तप्पट्टै म्हणजे चामड्याचा ढोल. करगाट्टम् नाचणाऱ्या आणि ढोल वाजवणाऱ्या भुकेल्या कलावंतांची ही कथा. चित्रपट म्हणून तो फार हिंसक आहे आणि मला तो पुरता आवडलाही नाही. पण पार्श्वसंगीतात चामड्याचा ढोल आणि पाश्चात्त्य तंतुवाद्ये एकमेकांच्या अंगावर धावून जातात, ते ऐकताना अंगावर काटा येतो. त्यासाठी त्यांना पाचवा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात दाखवून दिले आहे की मृदंगम् बनवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या दलित ख्रिस्ती कारागिरांचे आहेत आणि तो वाजवून मान मिळवणारे हात दुसऱ्यांचे. इलयाराजांच्या वाद्यवृंदात ढोल बनवणाऱ्याचा मुलगा सगळ्यांना काय वाजवायचे ते लिहून देतो, असे म्हटले तर ते शब्दशः खरे नसेल, पण फार दूरही नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1992 च्या 'तेवर मगन' या कमल हासन यांच्या चित्रपटाला संगीत इलयाराजांचेच. तेवर या दबंग जातीचा गौरव करणारे एक गाणे त्यात आहे. चित्रपटाचा शेवट कोयते खाली ठेवा असे सांगतो, पण लोकांनी शेवट घेतला नाही, गाणे घेतले. दक्षिण तामिळनाडूत ते जातीचे गीत बनले, मिरवणुकांत दलित वस्त्यांसमोर मोठ्या आवाजात वाजवले गेले. मारी सेल्वराज या दलित दिग्दर्शकाने त्यावर कमल हासन यांना जाहीर पत्र लिहिले आणि पुढे 'मामन्नन' (2023) हा चित्रपटच त्याला उत्तर म्हणून काढला. परैयर कुटुंबात जन्मलेल्या माणसाने बांधलेली चाल त्याच्याच लोकांच्या घरासमोर धमकी म्हणून वाजते, ही गोष्ट कौतुकाच्या लेखात झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. संगीतकार मागणीप्रमाणे काम करतो हे खरे. तरीही ही चाल त्यांच्या नावावर आहे, आणि ती राहील.

नावावर काय राहते आणि काय राहत नाही, हा तर वकिलीतला माझ्या रोजच्या कामाचा विषय. इलयाराजांनी 2017 मध्ये आपल्या जुन्या मित्राला, गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना, परवानगीशिवाय आपली गाणी मंचावर गाऊ नका अशी नोटीस धाडली. 2024 मध्ये 'मंजुम्मेल बॉईज' या गाजलेल्या मल्याळी चित्रपटात त्यांचे 1991 चे 'गुणा'मधील गाणे वापरले म्हणून नोटीस दिली. सोनी म्युझिकने 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या कंपनीविरुद्ध पाचशेहून अधिक संगीतकृतींच्या हक्कांवरून दावा लावला. तो मद्रासला हलवावा ही त्यांची विनंती सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. वर्तमानपत्रे लिहितात, म्हातारा पैशाला हपापला आहे. चाळीचे भाडे मागणाऱ्या मालकाला कोणी हपापलेला म्हणत नाही!

मुळात कायदा काय होता ते पाहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती' ची व्याख्या अशी होती की ती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे कागदावर चिन्हांत उतरवलेली असली पाहिजे. म्हणजे ज्याने चाल गळ्यातून बांधली, पिढीजात कानाने जपली, हलगीवर घडवली, त्याची कृती कायद्याच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. लिहिता येणाऱ्याचे संगीत ते संगीत! 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट संगीताचा हक्क मूलतः निर्मात्याकडे जातो असा निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून या व्याख्येवर बोट ठेवले होते. 1994 च्या दुरुस्तीने लिखित असण्याची अट गेली. 2012 च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले, गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद आली. आणि कलम 57 आधीपासूनच आहे: हक्क विकला तरी कृती माझी आहे असे म्हणण्याचा आणि तिची विटंबना झाल्यास हरकत घेण्याचा कर्त्याचा अधिकार संपत नाही.

इलयाराजांचे सगळेच दावे टिकतील असे मी म्हणणार नाही. जुने करार, निर्मात्यांचे हक्क, ध्वनिमुद्रणाचे हक्क यांची गुंतागुंत मोठी आहे, आणि आयुष्यभर सोबत गायलेल्या माणसाला नोटीस पाठवणे मला रुचले नाही. गाण्यात गायकाचाही वाटा असतो. पण लढण्यातला मूळ मुद्दा बिनतोड आहे. ज्या प्रसाद स्टुडिओत त्यांनी चार दशकांच्या आसपास संगीत घडवले, तिथून त्यांना बाहेर पडावे लागले, आणि 2020 च्या डिसेंबरमध्ये शेवटचे एक दिवस आत जाऊन आपले सामान आणण्यासाठी न्यायालयाच्या दारी जावे लागले. हजार चित्रपटांच्या संगीतकाराची ही गत, तर आपल्या भीमगीतकारांचे काय?

माझ्याकडे जुन्या कव्वालांची, शाहिरांची मुले-नातवंडे येतात. वडिलांची गाणी जयंतीला राज्यभर वाजतात, मोबाईलवर लाखो लोक ऐकतात, आणि घरात करारनाम्याचा एक कागद सापडत नाही. कॅसेटच्या जमान्यात एकरकमी बिदागी हातावर ठेवली गेली, सही कशावर घेतली हे कोणी विचारले नाही. कायद्याने कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. वामनदादा कर्डक 2004 साली गेले; जी गाणी त्यांनी कुणाला लिहून दिली नसतील, त्यांचा हक्क वारसांकडे 2064 च्या अखेरपर्यंत आहे. अण्णाभाऊंच्या बाबतीत ही मुदत 2029 पर्यंतच आहे. इलयाराजांचे कागद जपलेले आहेत, म्हणून ते म्हातारपणी का होईना लढू शकतात. आपल्या कलावंतांच्या घरोघरी हे कागद जमा करण्याचे काम एखाद्या संघटनेने हाती घेतले तर पुष्कळ कज्जे सोपे होतील.

आता त्या प्रस्तावनेबद्दल. ती चूक होती, साधी चूक नव्हे तर बाबासाहेबांच्या विचारांशी अडाणीपणाने केलेला खेळ होता. ज्यांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्ती ही अधोगतीची वाट आहे असा इशारा दिला, त्यांना एका सत्ताधाऱ्याच्या आरतीत ओवायचे, याला काय म्हणावे? इलयाराजांनी दलित ही ओळख कधी स्वीकारली नाही, आंबेडकरी चळवळीशी त्यांचा संबंध नाही, ते देवभक्त आहेत. त्यांनी 'तिरुवासगम्' या शैव पदांवर 2005 मध्ये बुडापेस्टच्या वाद्यवृंदाला घेऊन मोठी रचना केली, ती संगीत म्हणून उत्तम आणि श्रद्धा म्हणून आपल्या वाटेची नाही. हे सगळे मान्य. पण बाबासाहेबांचा तो इशारा दोन्ही बाजूंनी लागू पडतो. ज्याला कलावंत म्हणून मानतो तो प्रत्येक बाबतीत आपलाच असला पाहिजे, नाहीतर त्याची कलाही खोटी, हीसुद्धा भक्तीच आहे, फक्त उलटी केलेली.

आणि व्यवस्था त्यांना काय मानते ते 2024 च्या डिसेंबरमध्ये दिसले. श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळ मंदिरात ते अर्धमंडपाच्या उंबऱ्याशी गेले असता त्यांना मागे यायला सांगितल्याची चित्रफीत देशभर फिरली. पुजाऱ्यांखेरीज तिथे कोणालाच प्रवेश नाही, असे मंदिराने सांगितले. इलयाराजांनी स्वतः खुलासा केला की खोट्या बातम्या पसरवल्या जात आहेत, आपण स्वाभिमानाशी तडजोड करणारे नाही. त्यांचा शब्द आपण प्रमाण मानू. तरीही प्रश्न उरतो: राज्यसभेचे सदस्यत्व, पद्मविभूषण, हजार चित्रपट, या सगळ्यानंतरही तो उंबरा आहे तिथेच आहे आणि आत जाणाऱ्याची जात जन्माने ठरते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 ते 1935 लढवून बाबासाहेब ज्या निष्कर्षाला आले, तो आपल्याला ठाऊक आहे. इलयाराजा त्या वाटेने येणार नाहीत. तो त्यांचा निर्णय.

त्यांचे संगीत मात्र त्यांच्या राजकारणाला विचारून चालत नाही. राज्यसभेत बसल्यानंतरच वेट्रीमारन यांच्या 'विडुदलै'चे दोन भाग आले, 2023 आणि 2024 मध्ये. पोलिसी छळाविरुद्ध, जमीनदारीविरुद्ध हत्यार उचललेल्या डाव्या क्रांतिकारकाची ती कहाणी, आणि तिला संगीत याच ऐंशी वर्षांच्या माणसाचे. त्यातले पोलीस चौकीतले प्रसंग पाहताना कोणाच्या बाजूने संगीत उभे आहे हे विचारावे लागत नाही. आणि मग 8 मार्च 2025 रोजी लंडनमध्ये त्यांची पहिली सिंफनी 'व्हॅलियंट' वाजली. 1993 साली त्यांनी लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर एक सिंफनी ध्वनिमुद्रित केली होती, ती प्रसिद्ध झालीच नाही. बत्तीस वर्षांनी दुसरी लिहिली. साहेबांच्या देशात, साहेबांचे वाजवणारे, समोर कागद, आणि कागदावर पण्णैपुरमच्या परैयर वस्तीतल्या मुलाचे अक्षर. वय 81.